खिशातला गायगर काउंटर: तारापूर-जैतापूरच्या वादात त्याचा खरा उपयोग किती?

अणुवीज हवी की नको, या वादात हल्ली किरणोत्सार मोजणारं, हातात मावणारं एक यंत्रही साक्षीला उभं केलं जातं. प्रकल्पाच्या कुंपणाजवळ मीटर धरून "बघा, इथे तर काहीच नाही" असं एक बाजू सांगते. आकडा मिनिटभर उडाला की दुसरी बाजू तोच पडदा दाखवून गळतीची हाकाटी करते. दोघांच्या हातात मीटर चांगला असतो, पण दोघेही त्याला असा प्रश्न विचारत असतात ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या तीन प्रकारच्या मीटरांचं हे परीक्षण आहे. पहिला प्रकार म्हणजे काचेच्या नळीचा उघडा बोर्ड आणि तशीच नळी घातलेले जीएमसी-३२० सारखे तयार मीटर. दुसरा सेफकास्टचा बी-गायगी नॅनो. तिसरा रेडियाकोड. निकाल आधीच सांगून टाकतो: यांपैकी कुठलाही मीटर "हा प्रकल्प सुरक्षित आहे का" याचं उत्तर देत नाही. पण जैतापूर परिसरात आजपासून नोंदी ठेवायच्या असतील, तर यातला स्वस्त मीटरसुद्धा चालतो. मीटर घ्यायचा तो त्यासाठीच घ्यावा.

आकडा येतो कुठून

गायगर नळीत कमी दाबाचा वायू असतो आणि मधून एक तार जाते. तिच्यावर साधारण ४०० व्होल्टचा विजेचा दाब असतो. गॅमा किरणाने नळीच्या भिंतीतून एखादा इलेक्ट्रॉन आत उडवला की वायूत विजेची लाट उठते आणि एक 'टिक' मोजली जाते. किरण कमी ऊर्जेचा होता की जास्त, हे नळीला कळत नाही. पडद्यावर दिसणारा मायक्रोसीव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक, हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसीव्हर्ट) आकडा मोजलेला नसतोच, तो भागाकाराने काढलेला असतो. मिनिटाला पडलेल्या टिक, म्हणजे सीपीएम, एका ठरावीक भाजकाने भागतात. एम४०११ या काचेच्या नळीसाठी हा भाजक १५३ च्या आसपास आहे, जुन्या सोव्हिएत एसबीएम-२० साठी १७५ च्या आसपास आणि सेफकास्टच्या एलएनडी-७३१७ साठी ३३४. मीटरमध्ये नळी एकीची आणि भाजक दुसरीचा असेल, तर दिसणारा प्रत्येक आकडा चुकीचा. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न नळीचा करायचा, रंगीत पडद्याचा नाही.

हा भाजक बहुतेक वेळा सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० च्या गॅमासाठी ठरवलेला असतो. ऊर्जा खूप कमी असेल, तर साधी नळी कित्येक पट फुगवून दाखवते. अणुभट्टीच्या अपघातात सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी एक म्हणजे झेनॉन-१३३, आणि त्याचा गॅमा फक्त ८१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (किरणाच्या ऊर्जेचं एकक) असतो. म्हणजे ज्या दिवशी आकड्याला खरं महत्त्व असेल, त्याच दिवशी स्वस्त मीटरचं मायक्रोसीव्हर्टमधलं वाचन सर्वांत कमी भरवशाचं असेल. काहीतरी घडलंय एवढं तो नक्की सांगेल, पण किती मात्रा मिळाली ते त्याच्यावरून ठरवू नये.

वरची मर्यादाही असते. चेर्नोबिलमध्ये १९८६ च्या त्या रात्री हाताशी असलेली बरीच उपकरणं तासाला ३.६ राँटजेनच्या (किरणोत्साराचं जुनं एकक) पुढे मोजूच शकत नव्हती. काटा तिथे अडकला आणि तोच आकडा वर कळवला गेला. आजचा स्वस्त मीटरही प्रखर किरणोत्सारात दोन टिकांमधलं अंतर ओळखू शकत नाही आणि कमी मोजतो. काही मीटर तर शून्याकडे घसरतात. माहितीपत्रकात कमाल मर्यादा दिलेली नसेल तो मीटर घेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक: एका मिनिटाचं वाचन

किरणोत्सार ठोके देत येत नाही, कसाही येतो. पार्श्वभूमीला, म्हणजे भोवती कायम असणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराला, सरासरी २० सीपीएम दाखवणारी नळी घेऊ. एका मिनिटाच्या मोजणीतला स्वाभाविक चढउतार २० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेचार टिकांचा. त्यामुळे १५ आणि २५ ही दोन्ही वाचनं एकाच जागेची, एकाच परिस्थितीची असू शकतात. इतकंच नाही. अशा नळीत एखाद्या मिनिटाला ३३ किंवा त्याहून जास्त टिक पडण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असते. दिवसाची मिनिटं १४४०. म्हणजे काहीही घडलेलं नसताना दिवसातून सहा-सात वेळा तो आकडा दिसणार. नेमक्या त्या मिनिटाचा फोटो काढून पुढे पाठवला, की गळतीची बातमी तयार होते.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. दहा मिनिटं मोजलं तर २०० टिक आणि अनिश्चितता सात टक्के. तासभर मोजलं तर १२०० टिक आणि अनिश्चितता तीन टक्के. नोंदवहीत तासाच्या एकूण टिकाच लिहाव्यात. मायक्रोसीव्हर्टचे दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे दिसायला रुबाबदार असतात, पण पाच सेकंदांच्या मोजणीवरून काढलेल्या दुसऱ्या दशांशाला काही अर्थ नाही.

दुसरी चूक हिशेबातली. मीटर ताशी ०.१५ मायक्रोसीव्हर्ट दाखवतो. वर्षाचे तास ८७६०, गुणाकार १.३ मिलिसीव्हर्ट. आणि भारतात सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. मग मर्यादा ओलांडली? नाही. ती मर्यादा नैसर्गिक पार्श्वभूमी आणि वैद्यकीय तपासण्या वगळून, त्यावर पडणाऱ्या भरीसाठी आहे. नैसर्गिक स्रोतांतून, श्वासातल्या रेडॉन या जमिनीतून निघणाऱ्या किरणोत्सारी वायूसह, जगाची सरासरीच वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट येते.

उघडा बोर्ड: स्वस्त, शिकवणारा, पावसाळ्यात त्रासदायक

बाजारात सर्रास मिळणाऱ्या बोर्डावर 'रेडिएशनडी-व्ही१.१ केजो' असं छापलेलं असतं. त्याला ५ व्होल्ट लागतात, सोबत जे३०५ किंवा एम४०११ नळी येते. तीन पिनांवर जीएनडी, ५व्ही आणि व्हीआयएन अशी नावं असतात. यातली व्हीआयएन ही वीज घेण्याची पिन नाही, टिकेचा सिग्नल तिथून बाहेर येतो. नाव वाचून तिथे वीज जोडू नका. ती आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या इंटरप्ट पिनेला, म्हणजे त्याच्या उनो प्रकारात डी२ ला जोडायची आणि सिग्नलची उतरती कड, म्हणजे तो खाली येण्याचा क्षण, मोजायची. नळी बसवताना अधिक चिन्हाचं टोक बोर्डावरच्या अधिक खुणेकडेच हवं. क्लिपा सैल असतील तर टिक गळतात. घट्ट करायच्या असतील तर नळी काढून क्लिप वाकवावी, काचेवर जोर देऊ नये.

बोर्डावरच्या ट्रिमरने, म्हणजे पिळायच्या छोट्या स्क्रूने, नळीवरचा विजेचा उच्च दाब कमीजास्त होतो. तो साध्या मल्टिमीटरने मोजायला गेलात, तर मीटरचा १० मेगाओमचा रोध त्या नाजूक सर्किटला इतका भार देतो की ४०० ऐवजी बराच कमी आकडा दिसतो. मग माणूस ट्रिमर पिळून दाब वाढवतो आणि नळी अखंड टिकटिक करायला लागते. एक गिगाओमचा प्रोब नसेल तर ट्रिमरला हात लावू नये. वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दाब थोडा वेळ राहतो, तेव्हा लगेच बोटं घालू नयेत.

काचेच्या नळ्यांवर उजेडाचाही परिणाम होतो. थेट उन्हात काही नळ्यांची मोजणी वाढते आणि ओसरीतून अंगणात नेलेला मीटर "बाहेर किरणोत्सार जास्त" असं दाखवतो. नळीवर काळी टेप किंवा अपारदर्शक डबी, एवढ्याने हे थांबतं.

कोकणातली मोठी अडचण ओलाव्याची. जून ते सप्टेंबर दमट हवेत बोर्डावर बारीक ओल आणि खारट थर धरतो, उच्च दाबाची वीज त्यावरून सरकते आणि खोट्या टिक येतात. ओळखायची खूण अशी: आकडा एकदम शेकड्यांत जातो आणि टिक एकसुरी, ठरावीक अंतराने पडतात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. आकडा पूर्ववत झाला तर दोष ओलीचा होता. कायमचा उपाय म्हणजे बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल रोखणाऱ्या पातळ लेपाचा, हात. मोबाइल आणि स्वस्त चार्जरही खोट्या टिक देतात, म्हणून वीज पॉवर बँकेतून द्यावी आणि फोन हातभर लांब ठेवावा.

ज्यांना सोल्डरिंग नको त्यांनी तयार मीटर घ्यावा. आतली नळी त्याच जातीची, त्यामुळे मोजणीचा दर्जाही तोच. जास्तीचे पैसे डबी, बॅटरी आणि आत साठणाऱ्या नोंदींचे. त्या नोंदींसाठी ते मोजण्यासारखे आहेत.

मीटर चालतोय का, हे पाहायचं कसं

चाचणीसाठी परदेशातून किरणोत्सारी स्रोत मागवू नका. अशा स्रोतांना अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात आणि त्यांची गरजही नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारा म्युरेट ऑफ पोटॅश पुरतो. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी भाग असतोच, आणि एक किलो पोटॅश खतात साधारण १५ हजार बेक्वेरेल (सेकंदाला फुटणाऱ्या अणूंची संख्या) भरतात. आपल्या शरीरातही चार हजारांच्या आसपास बेक्वेरेल हेच पोटॅशियम कायम असतं, म्हणून यात घाबरण्यासारखं काही नाही.

पद्धत अशी: मीटर एका जागी ठेवून तीस मिनिटं नुसती पार्श्वभूमी मोजा, समजा ६०० टिक आल्या. मग त्याच जागी पातळ प्लास्टिक पिशवीत किलोभर पोटॅश पसरून नळीची बाजू त्यावर टेकवा आणि पुन्हा तीस मिनिटं मोजा. दोन मोजण्यांतला फरक शंभरच्या वर गेला तर तो खरा धरायला हरकत नाही, कारण नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडणं दुर्मीळ आहे. फरक आलाच नाही तर बहुधा जाड डबी पोटॅशचे बीटा किरण अडवते आहे. दर तीन महिन्यांनी हीच चाचणी, तीच पिशवी, तीच मांडणी. जुन्या गॅसबत्तीची थोरियम असलेली जाळी यापेक्षा ठळक आकडा देते, पण ती न जाळलेलीच हवी आणि बंद पिशवीतच ठेवावी. जळालेल्या जाळीची पूड श्वासात जाणं वाईट.

सेफकास्ट आणि रेडियाकोड

फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर मार्च २०११ मध्ये जपानमध्ये सेफकास्ट हा नागरिकांचा मोजणी प्रकल्प उभा राहिला, कारण लोकांना आपल्या गल्लीतला आकडा हवा होता आणि तो मिळत नव्हता. त्यांचा बी-गायगी नॅनो स्वतः जोडायच्या संचात येतो. नळी दोन इंची चपटी, तिला अभ्रकाची पातळ खिडकी, त्यामुळे उघडी धरली तर अल्फा आणि बीटाही पकडते. त्याच जागी ती काचेच्या नळीच्या दुपटीहून जास्त टिक देते. दर पाच सेकंदांनी टिक आणि जीपीएसची जागा मेमरी कार्डावर लिहिली जाते. ती खिडकी बोटाने दाबली की फुटते आणि नळी कायमची जाते, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर डबी उघडी टाकू नका. या मीटरचं खरं बळ त्यामागच्या खुल्या नकाशात आहे: कुणाचीही नोंद कुणीही तपासू शकतो. अणुऊर्जेच्या समर्थकांना आणि विरोधकांना एकाच तक्त्यासमोर बसवणारी एवढी साधी गोष्ट दुसरी नाही.

रेडियाकोड वेगळ्या जातीचा. आत एक घन सेंटिमीटरचा सीझियम आयोडाइड स्फटिक आहे, तो किरणाची ऊर्जाही मोजतो. म्हणून "किती" सोबत "कशामुळे" हेही कळतं: ऊर्जेच्या आलेखात पोटॅशियम-४० चं शिखर १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, थोरियमच्या साखळीतलं २६१४ वर, अपघाती सीझियमचं ६६२ वर, आयोडीन-१३१ चं ३६४ वर. नुसत्या पार्श्वभूमीत शिखर उठायला कित्येक तास लागतात, रात्रभर ठेवलेलं चांगलं. एका रात्रीत ६६२ वर काही दिसलं नाही, याचा अर्थ तिथे सीझियम शून्य आहे असा नव्हे. गॅसबत्तीच्या जाळीवर ऊर्जेची पट्टी अधूनमधून जुळवून घ्यावी. किंमत साध्या मीटरच्या अनेक पट आहे. गावात मिळून एक घ्यावा असा हा मीटर.

कुठल्याच मीटरला न दिसणारं

तारापूरच्या चार अणुभट्ट्यांपैकी १९६९ च्या पहिल्या दोन उकळत्या पाण्याच्या, नंतरच्या ५४० मेगावॉटच्या दोन जड पाण्याच्या. जड पाण्याच्या अणुभट्टीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होतं. त्याचा बीटा किरण जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, नळीच्या भिंतीतून तो आत शिरतच नाही. विहिरीच्या पाण्यावर मीटर धरून ट्रिटियमबद्दल बोलणं म्हणूनच निरर्थक. त्यासाठी प्रयोगशाळेतला द्रव सिंटिलेशन काउंटर लागतो. फुकुशिमाचं पाणी ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडताना लिटरमागे १५०० बेक्वेरेल ट्रिटियमची अट पाळली जाते, ती तपासणी अशाच यंत्रांवर होते.

मासळी आणि दूध यांचंही तेच. जपानने २०१२ पासून सामान्य अन्नासाठी किलोला १०० बेक्वेरेल सीझियम ही मर्यादा ठेवली. एवढं सीझियम असलेला किलोभर मासा दहा सेंटिमीटरवरून मीटरला साधारण ०.००१ मायक्रोसीव्हर्टची भर देईल, आणि भोवतालची पार्श्वभूमी ०.१ च्या घरात. शंभरातला एक भाग. शिशाच्या जाड कवचात ठेवलेल्या जर्मेनियम डिटेक्टरशिवाय तो दिसणार नाही. बाजारात माशावर मीटर फिरवून 'स्वच्छ' किंवा 'दूषित' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जैतापूर प्रकल्पाजवळच्या साखरी नाटेच्या मच्छीमारांची चिंता तर बरीचशी प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आहे. तिथे गायगर काउंटर घेण्यापेक्षा डीएस१८बी२० हा जलरोधक तापमान सेन्सर घ्यावा, तो अर्ध्या अंशापर्यंत बरोबर असतो आणि अगदी थोड्या पैशांत येतो. प्रकल्पाआधीची काही वर्षांची पाण्याची तापमानं हाताशी असली, तर पुढे कुठल्याही सुनावणीत ती मांडता येतील.

याउलट एका ठिकाणी स्वस्त मीटर जीव वाचवू शकतो: भंगाराच्या गोदामात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० पोचला आणि एकाचा मृत्यू झाला. तसल्या स्रोताजवळ साधा मीटरही किंचाळतो. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवणाऱ्या पोलाद कारखान्यांच्या दारात मोठे पोर्टल मॉनिटरच, म्हणजे ट्रक मधून जाताना तपासणाऱ्या चौकटी, हवेत, पण लहान व्यापाऱ्याने निदान आवाजी अलार्म असलेला मीटर वजनकाट्याजवळ टांगून ठेवावा. अलार्म १०० सीपीएमवर लावला तर पार्श्वभूमीने तो वाजणार नाही.

जैतापूरसाठी: नोंदी आत्ताच का

जैतापूर प्रकल्पाच्या जागी, माडबनला, सहा अणुभट्ट्या, एकूण जवळपास दहा हजार मेगावॉट, अशी योजना आहे आणि देशाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज असं लक्ष्य जाहीर केलं आहे. अणुभट्टी उभी राहण्याआधीची पार्श्वभूमी फक्त आधीच मोजता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा प्रत्येक प्रकल्पस्थळी हे काम करतात. त्याला समांतर गावकऱ्यांची वही असणं यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, उलट त्यामुळे दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.

महाराष्ट्राचा बराच भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा, त्यात युरेनियम-थोरियम कमी. हैदराबाद-बंगळूरच्या ग्रॅनाइटवर आकडा जास्त येतो. केरळात करुनागपल्लीच्या थोरियम असलेल्या मोनाझाइट वाळूवर तर कित्येक पट जास्त. कोकणातल्या जांभ्यात थोरियम साठून राहतं, त्यामुळे काळ्या कातळापेक्षा थोडा जास्त आकडा येऊ शकतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची. काळी दिसली म्हणून तिला केरळच्या वाळूसारखी समजू नये. म्हणून दोन गावांची तुलना करायची नाही. एका जागेची तुलना त्याच जागेशी, वेगवेगळ्या तारखांना.

जागा उघडी निवडा, जमिनीपासून एक मीटर उंच, भिंत, जांभ्याचा गडगा आणि ग्रॅनाइटचा ओटा यांपासून लांब. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, सलग एक तास. वहीत तारीख, वेळ, तासाच्या एकूण टिक, नळीचं नाव, पाऊस पडला का, आणि गेल्या तीन तासांत पडला का, हे रकाने. पावसाचा रकाना सोडायचा नाही. हवेतल्या रेडॉनपासून बनलेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ सरीबरोबर जमिनीवर उतरतात आणि आकडा चढतो. त्यांचं अर्धायुष्य वीस ते सत्तावीस मिनिटांचं, म्हणून पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत तो परत खाली येतो. वळवाच्या पावसात ही चढण जास्त दिसते, कारण ती हवा जमिनीवरून आलेली असते. भर मोसमात समुद्रावरून आलेल्या हवेत रेडॉन कमी. हा नमुना एकदा वहीत उमटला, की पहिल्या सरीला कुणी घाबरणार नाही.

आणि या वहीची मर्यादाही ठाऊक असावी. वर्षाला १ मिलिसीव्हर्टची भर म्हणजे ताशी ०.११ मायक्रोसीव्हर्ट, पार्श्वभूमी जवळजवळ दुप्पट. तासाभराच्या मोजणीत ती स्वस्त मीटरलाही चुकणार नाही. वर्षाला १० मायक्रोसीव्हर्टची भर मात्र कुठल्याही खिशातल्या मीटरच्या आवाक्याबाहेर आहे. मीटर शांत आहे म्हणून प्रकल्प निर्दोष ठरत नाही, मोठी गळती झालेली नाही एवढंच कळतं. खऱ्या आणीबाणीत घर सोडायचं की दारं लावून आत थांबायचं, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या सूचनेवरूनच ठरवायचं.

खरेदीचा सल्ला असा. एकट्याने सुरुवात करायची तर एम४०११ नळीचा, नोंदी साठवणारा तयार मीटर. शाळेला किंवा विज्ञान मंडळाला उघडा बोर्ड, कारण मुलांना त्यात सगळं दिसतं. गावाला मिळून एक बी-गायगी आणि जमलं तर एक रेडियाकोड. एकच मीटर कधीही पुरत नाही. आकडा बदलला तर जागा बदलली की नळी म्हातारी झाली, हे एका मीटरवरून सांगता येत नाही. दोन घ्या, पहिला आठवडा शेजारी शेजारी ठेवून दोघांचं गुणोत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नळी बदलायची वेळ आली तर जुनी आणि नवी पंधरा दिवस एकाच जागी सोबत चालवा आणि मगच जुनी काढा.